भारांकांची चिंता आणि रिकामे रकाने

"सर्वेक्षणातून निर्देशांक तयार केला आहे, पण पद्धत बदलली की आकडा बदलतो, मग त्यातला खरा कोणता?" संशोधक विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्यातील एक प्रसंग, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या या विद्यार्थिनीने बचत गटांतील 212 महिलांना 18 प्रश्न विचारले होते आणि त्यांच्या उत्तरांतून 12 गावांचा 'निर्णयस्वातंत्र्य निर्देशांक' काढला होता. सर्व प्रश्नांना समान भार, म्हणजे अंतिम आकड्यात सारखेच वजन, दिला की एक गाव पहिले येई, मार्गदर्शकांनी सुचवलेले भार लावले की दुसरे, आणि पीसीए, म्हणजे उत्तरांच्या आकड्यांवरूनच भार काढणारे प्रमुख घटक विश्लेषण, केले की तिसरेच. प्रबंध सादर करण्यापूर्वीचे सादरीकरण तीन आठवड्यांवर आले होते आणि तिची झोप उडाली होती. "व्हायवात कोणी विचारले की हेच भार का, तर माझ्याकडे उत्तर नाही, मॅडम," हे वाक्य तिने पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा उच्चारले.

नुसता धीर देऊन अशी भीती जात नाही, म्हणून मी तिच्यासमोर देशांचा विकास मोजणारा मानव विकास निर्देशांक ठेवला. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या सहभागाने 1990 साली आलेल्या या निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांना समान भार आहे. तो कोणत्याही सूत्रातून निघालेला नसून तिन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या मानण्याची ती एक भूमिका आहे. वीस वर्षांनी, 2010 साली, त्यातील साधी सरासरी सोडून गुणोत्तर मध्य, म्हणजे तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे घनमूळ, घेण्यात आला, कारण साध्या सरासरीत एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने सहज भरून निघते. 0.9, 0.9 आणि 0.3 यांची साधी सरासरी 0.70 येते, तर गुणोत्तर मध्य सुमारे 0.62. दोन्ही आकडे गणिताने बरोबरच आहेत. ते दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात, एवढेच.

पीसीएने भार काढले की ते आपोआप वस्तुनिष्ठ ठरतात, या समजुतीला मात्र मी सहसा सूट देत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांबरोबर वर-खाली होतात त्यांना हे तंत्र जास्त भार देते. कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे त्याला ठाऊक नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील संपत्ती निर्देशांक याच तंत्राने काढतात आणि तेथे ते शोभते, कारण पक्के घर, फ्रिज, दुचाकी या गोष्टी बहुधा एकत्रच येतात. निर्णयस्वातंत्र्याचे तसे नसते: बाजारहाट स्वतः ठरवणाऱ्या बाईला मुलीच्या लग्नात शब्दही नसेल.

एवढे बोलणे झाल्यावर मी तिला मूळ एक्सेल फाइल उघडायला सांगितली, आणि खरी अडचण तेथे निघाली. खर्चाच्या निर्णयांवरील सहा प्रश्नांपैकी तीन प्रश्नांत 'नवऱ्याशी चर्चा करून' असे शब्द होते. नमुन्यातील 31 विधवांनी ते अर्थातच सोडले होते; माहिती भरताना ते रकाने रिकामे राहिले आणि पुढे सूत्र चालावे म्हणून कोणीतरी त्यांत सरसकट शून्य भरले. घरखर्च, बियाणे आणि मुलांची फी हे सगळे एकटीने ठरवणाऱ्या बाईला त्यामुळे सहापैकी तीन, म्हणजे 0.50 गुण मिळाले होते, तर नवऱ्याच्या मर्जीने बरेचसे ठरवणाऱ्या शेजारणीला सहापैकी चार, म्हणजे 0.67. तिने पडद्यावरचा 147 क्रमांकाचा अर्ज बोटाने दाखवला आणि म्हणाली, "या मावशींच्या घरी मी जेवले आहे. गटाचं कर्ज त्याच बघतात."

भारांक ही निवड असते आणि तिचे समर्थन करता येते. 'लागू नाही' या उत्तराला शून्य समजणे ही चूक असते आणि तिचे समर्थन करता येत नाही. ही विद्यार्थिनी निवडीच्या भीतीत महिनाभर गुरफटली होती आणि चुकीकडे तिचे लक्षच गेले नव्हते. दुरुस्तीचे मार्गही मला तिच्यावर लादायचे नव्हते, कारण लागू पडणाऱ्या तीनच प्रश्नांची सरासरी घेतली तर त्या मावशींना 1.00 मिळतात, पण तीन प्रश्नांची आणि सहा प्रश्नांची तुलना पूर्ण न्याय्य नसते. सर्वांना लागू असलेलेच प्रश्न ठेवायचे किंवा विधवांचे निष्कर्ष स्वतंत्र मांडायचे, यांतून तिने पहिला पर्याय घेतला.

दहा दिवसांनी ती आली तेव्हा तिच्याकडे एका पानाचा तक्ता होता: गावे आडव्या ओळींत आणि तिन्ही पद्धतींनी आलेले क्रम शेजारी-शेजारी. वरची दोन आणि तळाची तीन गावे तिन्ही रकान्यांत तीच होती, मधली सात मात्र मागे-पुढे होत होती. या सातांच्या क्रमाबद्दल काहीही दावा करायचा नाही, असे तिने स्वतःच पेन्सिलने समासात लिहिले होते. भारांकांविषयी तिने त्या दिवशी काही विचारले नाही. विधवा बायकांना पुन्हा भेटायचे झाल्यास 'नवऱ्याशी चर्चा करून' याऐवजी प्रश्नात काय शब्द घालावेत, सासरा, दीर की मोठा मुलगा, यावरच आमचा उरलेला तास गेला.