आळस की अर्धवट पदपथ?

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. दर पाडव्याला मी चालायला जाण्याचा निश्चय करते आणि पंधरवड्यात तो मोडतो. आमच्या उपनगरातील पदपथ अर्धवट असून त्यावर गाड्या लावलेल्या असतात. पहाटे अंधार व भटकी कुत्री, संध्याकाळी रहदारी. गुडघे दुखतात आणि लोक पाहतील याचा संकोचही वाटतो. घरचे याला आळस म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घरच्यांनी हा शब्द फार घाईने वापरला, असे मला वाटते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. सकाळचे डबे कोण भरते आणि अंधारात एकटे बाहेर पडताना कोणाला धास्ती वाटते, हे विचारात घेतल्याशिवाय या तफावतीचा उलगडा होणार नाही.

तुमच्या बाबतीत शरीर आणि रस्ता ही दोन कारणे वेगळी नाहीत. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) सुमारे ३१.६ येतो, भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलता धरतात. गुडघ्यांच्या संधिवाताने त्रस्त असलेल्या वजनदार प्रौढांच्या एका अभ्यासात, एक किलो वजन घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे आढळले होते. वाढलेल्या वजनाचा हिशेबही साधारण तसाच समजावा. म्हणूनच, प्रत्येक फाटकापाशी उतरणारा आणि पुन्हा चढणारा जो पदपथ सडपातळ माणसाच्या लक्षातही येत नाही, तो तुम्हाला आठव्या दिवशी घरी बसवतो.

तेव्हा निश्चयाआधी जागा ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली असली, तरी सलग १० मिनिटांची जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली आहे. वसाहतीच्या आतल्या सपाट रस्त्यावर न्याहारीनंतर आठ मिनिटे आणि जेवणानंतर दहा मिनिटे चाललात, तरी ती हिशेबात धरली जातात. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरेसा आहे. कोणी पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुचवील (पुण्यात कोणी ना कोणी सुचवतोच!), पण उतरताना दुखऱ्या गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून तूर्त त्या नकोत. तळजाईची टेकडी फिरायला चांगली, परंतु तिथे पोहोचण्यातच तास जाणार असेल, तर ती रविवारपुरती ठेवावी.

संकोचावर मला ठाऊक असलेला उपाय म्हणजे शेजारीण. दोघी असलात की अंधाराची धास्तीही कमी होते. पदपथावरील गाड्या आणि बंद दिवे यांची तक्रार मात्र एकटीने न करता, छायाचित्रांसह सोसायटीच्या नावाने क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावी. चालताना छातीत दुखल्यास किंवा गुडघ्याला सूज आल्यास चालणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.