वाचकांचे प्रश्न : फ्रँकलिनच्या खलाशांचा शोध

प्रश्न : सर जॉन फ्रँकलिन १८४५ साली 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं व १२९ माणसं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात शिरले ते परतलेच नाहीत. त्यांचा लेखी कागद मिळायला १८५९ साल का उजाडलं? — एक वाचक, वाई

उत्तर : जहाजांवर तीन वर्षांचा शिधा होता, म्हणून शोध सुरू झाला तोच १८४८ मध्ये. पूर्वेकडून लँकेस्टर साउंड ही सामुद्रधुनी, पश्चिमेकडून बेरिंगची सामुद्रधुनी आणि जमिनीवरून मॅकेन्झी नदी, अशा तीन वाटांनी. सापळ्यात धरलेल्या कोल्ह्यांच्या गळ्यात संदेश कोरलेले तांब्याचे पट्टे अडकवून त्यांना सोडण्यापर्यंत प्रयत्न झाले. पण १८४९ मध्ये पील साउंड ही दक्षिणेकडे जाणारी सामुद्रधुनी बर्फाने गच्च भरलेली दिसली आणि तिथून जहाज जाणारच नाही असं शोधकर्ते धरून चालले. फ्रँकलिन नेमके तिथूनच दक्षिणेला उतरले होते. एका वर्षी मोकळी असणारी सामुद्रधुनी पुढच्या वर्षी बंद असते, ही गोष्ट निसटली आणि शोध उत्तरेला व पश्चिमेला भरकटला.

१८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाने तिथल्या मूळ रहिवासी इन्यूट लोकांकडून खलाशी उपासमारीने मेल्याची खरी हकीकत आणली, अधिकाऱ्यांचे चांदीचे काटे-चमचेही आणले. लंडनमध्ये मात्र इन्यूटांच्या शब्दावर विश्वास ठेवायला अनेकजण तयार नव्हते. आमच्या मते या सगळ्या शोधातली सर्वांत महागडी चूक हीच.

प्रश्न : शोधपथकं स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीवर, किती ओझं नेत? ती लांब का जाऊ शकत नसत? — एक वाचक, कराड

उत्तर : कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या बैलाला वाटेत वाढं मिळतं. तेच सगळी वैरण गाडीतच भरून न्यायची म्हटली, तर उसाला जागा किती उरेल? स्लेजचं गणित हेच आहे. माणसामागे साधारण ९० किलो ओझं धरा. त्यातले ३० किलो तंबू, अंथरूण, भांडी आणि खुद्द स्लेजचे. उरले ६०. अन्न व इंधन मिळून माणशी रोज सुमारे १.४ किलो लागतं, म्हणजे साधारण ४२ दिवस. जाण्यायेण्यात निम्मे-निम्मे. रोजची १६ किलोमीटर चाल धरली तरी ३३०-३४० किलोमीटरवरून मागे फिरावंच लागतं.

इंधन संपलं की पाणीही संपतं, कारण बर्फ वितळवूनच प्यावा लागतो. नुसता खाल्ला तर अंगातली ऊब जाते आणि तहान तशीच राहते. समुद्रावरच्या बर्फाचे उंचवटे आडवे आले की अर्धं ओझं पुढे टाकून उरलेल्यासाठी परत यायचं, म्हणजे एक किलोमीटर सरकायला तीन किलोमीटर चालणं. वसंतात कूच रात्री करत. सूर्य खाली असल्याने डोळे दिपत नाहीत, बर्फ घट्ट असतो आणि दिवसा उन्हाने तंबू थोडा उबदार राहतो.

ब्रिटिश नौदल अधिकारी लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे आधीच्या शरद ऋतूत वाटेवर शिध्याचे साठे पुरून ठेवणं. १८५७ मध्ये ते १७७ टनांच्या 'फॉक्स' या वाफेच्या नौकेतून निघाले. पहिलाच हिवाळा बर्फात अडकून वाहत जाण्यात गेला. १८५९ च्या वसंतात तीन तुकड्या निघाल्या. प्रत्येकीत माणसांनी ओढायची एक स्लेज आणि कुत्र्यांची एक. त्यातल्या एका तुकडीचे प्रमुख हॉब्सन यांना किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत तो कागद सापडला. २५ एप्रिल १८४८ च्या नोंदीत लिहिलं होतं की फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले आणि उरलेले १०५ जण जहाजं सोडून दक्षिणेला मुख्य भूमीवरच्या बॅक नदीकडे निघत आहेत. हॉब्सन स्वतः स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, इतके खचले की त्यांना स्लेजवर घालून आणावं लागलं. खारवलेल्या मांसावर ही व्याधी हटत नाही आणि लिंबाचा रस साठवणीत कस गमावतो. सीलचं ताजं मांस खाणाऱ्या इन्यूटांना ती होत नसे.

त्याच बेटावर स्लेजवर लादलेली एक होडी मिळाली. होडी आणि स्लेज मिळून वजन अंदाजे ६३५ किलो, आत दोन सांगाडे, चांदीचे काटे-चमचे, पुस्तकं आणि १८ किलो चॉकलेट. होडीचं तोंड नदीकडे नव्हतं, सोडून आलेल्या जहाजांकडे होतं. भुकेल्या, आजारी माणसांनी एवढं ओझं का ओढलं, याचं दुःख वाचताना आजही होतं.

प्रश्न : जहाजं शेवटी सापडली कुठे? — एक वाचिका, मिरज

उत्तर : 'एरेबस' सप्टेंबर २०१४ मध्ये, सुमारे ११ मीटर खोलीवर. एक जहाज किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेकडे बुडालं असं इन्यूट पिढ्यानपिढ्या सांगत आले होते, तिथेच. 'टेरर' सप्टेंबर २०१६ मध्ये किंग विल्यम बेटाच्या टेरर बे या उपसागरात, साधारण २४ मीटरवर. बर्फातून वर आलेला लाकडी खांब आपण तिथे काही वर्षांपूर्वी पाहिला होता, हे सॅमी कोगविक या इन्यूट माणसाने शोधनौकेवर सांगितलं. मग नौका तिकडे वळवली गेली.