आत्मचित्र, नक्कल की सोंग?

प्रश्न असा आहे: अमेरिकन छायाचित्रकार सिंडी शर्मन यांच्या ‘अनटायटल्ड फिल्म स्टिल्स’ या छायाचित्रमालिकेला मराठीत ‘आत्मचित्रे’ म्हणावं का? आणि ‘स्टिल’साठी ‘स्थिरचित्र’ चालेल का?

‘आत्मचित्र’ नको. १९७७ ते १९८० मधल्या या ७० कृष्णधवल छायाचित्रांत मॉडेल शर्मन स्वतःच आहेत, म्हणून तो शब्द सुचतो. पण आत्मचरित्र, आत्मकथन यांत ‘आत्म’ आला की सांगणाऱ्याचं आयुष्य हाच विषय असतो. इथे देह शर्मन यांचा, विषय मात्र १९५०-६० च्या सिनेमांनी घडवलेली बाई. क्र. ३ मध्ये ती अॅप्रन बांधून सिंकपाशी उभी राहून खांद्यावरून मागे बघते, क्र. २१ मध्ये उंच इमारतींच्या गर्दीत हॅट घातलेली तरुणी आहे. ‘आत्मचित्र’ वाचून प्रेक्षक त्या चेहऱ्यांत शर्मन यांचं मन शोधत बसेल आणि पडद्यावरच्या साच्यांकडे त्याचं लक्षच जाणार नाही.

‘नक्कल’ही नको, कारण नकलेला अस्सल लागतं. शर्मन यांच्या चित्रांमागे कोणताच सिनेमा नाही. तरी तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, आणि सगळं बळ त्या वाटण्यात आहे. याउलट भारतीय कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर, स्वतःच वेश घेऊन केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’त (२०००–०४) रविवर्म्यांची लक्ष्मी ओळखता येते. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्म्यांच्या छापखान्याने अशी चित्रं घरोघरच्या भिंतींवर पोचवली. तिथे ‘अनुकृती’ शब्द चपखल बसतो.

शर्मन आणि पुष्पमाला या दोघींनाही पेलणारा मराठी शब्द ‘सोंग’. बहुरूपी सोंग आणतो तेव्हा ते सोंग आहे हे बघणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तरी तो रंगून बघतो. अडचण एवढीच की ‘आजारपणाचं सोंग’ यातली लबाडीची छटा त्याला चिकटली आहे. म्हणून नुसतं ‘सोंग’ न लिहिता ‘शर्मन यांनी आणलेली सोंगं’ असं क्रियापदासह लिहावं. ‘आणणे’ आलं की बहुरूपी आठवतो. ‘भूमिका’ टाळावी. कलासमीक्षेत तिचा अर्थ ‘मतप्रणाली’ असाही होतो आणि वाक्य दुहेरी वाचलं जातं.

‘स्थिरचित्र’ तर सरळ चूक. चित्रकलेच्या वर्गात तो शब्द सुरई, फळं, कापडाच्या घड्या यांच्या चित्रणासाठी रुळलेला आहे. सिनेमावाल्यांचा ‘स्टिल’च ठेवावा, आणि पहिल्या उल्लेखात खुलासा द्यावा: चित्रफितीतून कापलेली चौकट नव्हे, तर जाहिरातीसाठी सेटवर वेगळा काढलेला फोटो. शर्मन यांनी ८ × १० इंची प्रिंट केल्या त्या याच फोटोंच्या धर्तीवर.