हॉर्सशू कॅन्यनला पहिल्यांदा जाताय? मग उतरण्यापूर्वी हे वाचा

नागपूरचा मे सोसलाय म्हणून अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातल्या या घळीला हलक्यात घेऊ नका. इथे आपण दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून सावलीसावलीने जातो. तिथे जाऊन-येऊन 11 किलोमीटर, बहुतेक भुसभुशीत वाळूत. निघण्याआधी कन्हानच्या पात्रात दोन तास चालून बघा, पोटऱ्या काय बोलतात ते कळेल.

माणशी किमान 4 लिटर पाणी पाठीवर घ्या. वाटेच्या सुरुवातीला नळ नाही. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळतच नाही. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत खारे दाणे किंवा मीठ-साखर हवीच. अर्धं पाणी परतीसाठी ठेवा: शेवटी सुमारे 240 मीटरचा चढ आहे, आणि तो नेमका भर उन्हात येतो. म्हणून पहाटेच निघा.

जुलै ते सप्टेंबर पुराची भीती. डोक्यावर आभाळ निळं असलं तरी वर दूर कुठे पाऊस पडला की घळीत लोंढा येतो, कारण उघडा खडक पाणी मुरवत नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या की सामान सोडून उंचावर चढा.

‘ग्रेट गॅलरी’ म्हणजे या घळीतली प्राचीन चित्रांची कातळभिंत. तिथल्या माणसाएवढ्या आकृत्यांना बोट लावू नका. हाताच्या तेलकटपणाने रंग बिघडतो. चित्र उठून दिसावं म्हणून पाणी शिंपडणं तर निव्वळ गाढवपणा. दुर्बीण न्या, छातीवरची बारीक नक्षी त्यातूनच दिसते.