आरसी (रिमोटवरचं) विमान वळताना दरवेळी पडतं, ट्रान्समीटर बदलू का?

नका बदलू. तीनदा पडलं, तिन्ही वेळा वळताना आणि तिन्ही वेळा डावीकडेच कलंडलं, असं तुम्हीच लिहिलंय. जाणाऱ्या सिग्नलला डावं-उजवं कळत नाही.

"सिग्नल गेला" हे ऐकलं की माझं डोकं सटकतं, कारण आमचे दाजी गेली आठ वर्षं तेच सांगत फिरताहेत.

सांगलीजवळ ज्वारी काढलेल्या रानात उडवत होतो. थर्माकोलचं ट्रेनर (शिकाऊ विमान), चार फुटी पंख, वजन किलोभर. दाजी म्हणाले, "दे जरा." बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार? दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसरीत वारा पाठीशी आला, विमान सुसाट पळताना दिसलं आणि दाजींनी घाबरून थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, निम्म्यावर आणला. डोळ्यांना दिसतो तो जमिनीवरचा वेग. पंखांना लागतो तो हवेतला, आणि तो संपत आला होता. त्यात आखूड वळण, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटाची पट्टी) पार पोटाशी ओढलेला. ६० अंश कलून उंची राखायची तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो, ४० टक्क्यांनी वाढतो. डावा पंख पडला, अर्धी गिरकी, नाक मातीत.

"अरे, सिग्नल गेला रे!" ट्रान्समीटर माझ्या हातात देऊन दाजी मोकळे.

मी तिथंच उकिडवा बसलो. प्रॉपची (नाकावरच्या पंख्याची) दोन्ही पाती बुंध्यापासून तुटलेली, मातीत सुरीनं कापल्यासारखे चर. भाच्याच्या मोबाइलमधल्या व्हिडिओत मोटरची घरघर आपटेपर्यंत ऐकू येते. आदल्या रात्रीच मी फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर आपोआप बंद करणारी सोय) तपासला होता: ट्रान्समीटर बंद केला की मोटर बंद. मग सिग्नल गेला कुठं? सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळे हलत होते, बॅटरीत सेलमागे ३.८ व्होल्ट शिल्लक.

हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. बहिणीला सांगितलं, तिनं त्यांना सांगितलं, आणि दिवाळीत फराळाबरोबर ऐकून घेतलं की स्वस्तातला रिसीव्हर घेतला की असंच होणार.

तर तुम्ही पडलेलं विमान झटकन गोळा करू नका, आधी फोटो काढा, प्रॉप बघा. पंख पिळलाय का, डावीकडे जड आहे का तपासा. वळणं मोठी घ्या. आणि उंचावर नेऊन एकदा मुद्दाम स्टॉल करून बघा, म्हणजे ते कुठल्या वेगाला पडतं ते कळेल.

सिग्नल कधीच जात नाही असं नाही. अँटेना कार्बनला चिकटली की सिग्नल अडतो, किंवा बीईसी (रिसीव्हर-सर्व्होंना वीज पुरवणारं सर्किट) कमजोर असून सगळे सर्व्हो एकदम हलले, की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. पण ते नेमकं तुमच्या डाव्या वळणावरच कशाला होईल?

हो, सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, पण बघा. त्या दिवशी २२०० एमएएचची बॅटरी चार्ज नव्हती म्हणून मी १३०० ची लावली होती, त्याच जागी. नाकातले ७० ग्रॅम गेले. घरी हिशोब केला तर सीजी सेंटीमीटरभर मागं सरकलेला. शेपूट जड झालं की एलेव्हेटर जरा ओढला तरी नाक भसकन वर येतं. हे दाजींना मी अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. थ्रॉटल त्यांनीच कमी केला होता.