अर्धी डिग्री बाबांची, अर्धी मुलीची

माहेर निपाणी, सासर खानापूर तालुक्यातलं आणि बिऱ्हाड इंग्लंडात, अशा एका आईचं पत्र आलंय. सुट्टीला गावी आलेत. बाहेर पावसाची झड लागलेली आणि घरात रोज एकच विषय. "थोरली पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत जाईल. ए-लेव्हलला, म्हणजे तिकडच्या बारावीला, मॅथ्स, इकॉनॉमिक्स, फ्रेंच आहे. तिला लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाविज्ञान, करायचंय. हे म्हणतात, इकॉनॉमिक्स कर, पोटापाण्याचं बघ. आजोबा म्हणतात, काहीतरी एक धरा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी सगळ्यांचं मन राखायला इकॉनॉमिक्स आणि लिंग्विस्टिक्स अशी जॉइंट डिग्री बघायला लागलोय. बाई, कुठली युनिव्हर्सिटी चांगली?"

युनिव्हर्सिटीकडे येते मी. पण "सगळ्यांचं मन राखायला" हे वाचलं आणि मला आमचंच स्वयंपाकघर आठवलं. बेळगावात काही वर्षं कॉलेजात मराठी शिकवून आम्हीही तिकडे गेलो होतो, बावीस वर्षं राहिलो. धाकट्याला इतिहास हवा होता, ह्यांना इकॉनॉमिक्स. मी मध्ये पडले आणि स्वतःला फार शहाणी समजून तोडगा काढला: दोन्ही घे. घरात शांतता झाली, मी शिरा केला. नोव्हेंबरात फोन आला. दोन डिपार्टमेंटं शहराच्या दोन टोकांना, इकडचा तास संपायच्या आत तिकडचा सुरू, आणि दोन्हीकडचे निबंध एकाच शुक्रवारी द्यायचे. इकडच्यांना तिकडे काय शिकवतात याचा पत्ता नाही. "आई, नावात जॉइंट आहे फक्त. जोडायचं काम माझ्याकडेच आहे," म्हणाला. ज्याला दोन्ही विषयांची ओढ आहे तो हे जोडकाम हौसेने करतो. आमच्याला एकाचीच होती. वर्ष संपल्यावर इकॉनॉमिक्स सोडून तो पूर्णपणे इतिहासात गेला. त्या युनिव्हर्सिटीत तशी सोय होती म्हणून वर्ष वाचलं. एक विषय सोडणं पुष्कळ ठिकाणी जमतं. मागाहून दुसरा जोडून घेणं मात्र सहसा जमत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे की, जॉइंट डिग्री घरातल्या वादाची वाटणी म्हणून घेऊ नका. वाटणीची रेघ कशी मारतात ते आपण सीमाभागातली माणसं १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बघतोय. रेघ मारणाऱ्याला त्या रेघेवर राहायचं नसतं. इथेही बाबा ऑफिसला जातील, तुम्ही तुमच्या कामाला, आणि तीन वर्षं दोन डिपार्टमेंटांच्या मधल्या रस्त्यावर पोरगी धावेल.

आता 'चांगली युनिव्हर्सिटी' या शब्दाबद्दल. हा शब्द आपण इथून घेऊन गेलेला आहे आणि तिथे तो फसवतो. आमच्या वेळी बेळगावचं कॉलेज म्हणजे धारवाडची युनिव्हर्सिटी. शिवाजी विद्यापीठ पाहिजे असेल तर एसटीने कोल्हापूर गाठायचं. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं तेव्हा धारवाडचा शिक्का बदलून बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीचा आला. पण पद्धत तीच राहिली: सिलॅबस विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, कॉलेज कुठलंही असो. चिक्कोडीला बसा नाहीतर टिळकवाडीत, इकॉनॉमिक्स तेच. त्यामुळे आपल्याला विषय आणि युनिव्हर्सिटी या दोन सुट्या गोष्टी वाटतात. इंग्लंडात प्रत्येक युनिव्हर्सिटी आपला अभ्यासक्रम आपण ठरवते. दोन ठिकाणी नाव अक्षरशः एकच, आणि आत एकीकडे निम्मं गणित तर दुसरीकडे निबंधच निबंध. रँकिंगचा तक्ता बाजूला ठेवा आणि त्या कोर्सच्या मॉड्यूलांची, म्हणजे आतल्या पेपरांची, यादी उघडा. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम तेच.

कॉम्बिनेशन आपल्याला नवीन नाही. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पीसीएमबी, बीएला एच-ई-पी, म्हणजे हिस्टरी, इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स. अॅडमिशनच्या टेबलावर मी स्वतः बसलेय. पोरगी म्हणायची मराठी आणि इकॉनॉमिक्स एकत्र पाहिजे. क्लार्क टाइमटेबल बघून म्हणायचे, दोन्ही एकाच तासाला आहेत, होत नाही, एच-ई-पी घे, सीट आहे. सही, फी, पुढची. कितीजणींनी आयुष्याचा विषय असा तासांच्या तक्त्यावरून ठरवला असेल! मध्ये २०२१ला कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली आणि २०२४ला राज्याने परत तीन वर्षांवर आणली, तरी तीन अक्षरं म्हणून कोर्स ओळखायची सवय काही गेली नाही. तिकडेही अक्षरं आहेत बघा. ऑक्सफर्डचं पीपीई १९२० पासून चालू आहे: फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स. वॉरिकला मॉर्स म्हणून डिग्री आहे, मॅथेमॅटिक्स, ऑपरेशनल रिसर्च, स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्स यांची. फरक असा की हे विषय एकमेकांशी बोलावेत म्हणून एकत्र बसवलेले आहेत, सीट शिल्लक आहे म्हणून नव्हे. जोडी बघताना मी पहिल्यांदा हेच बघते की ती कुणीतरी विचार करून बसवलीय, का दोन यादींतून एकेक उचललाय.

नावातल्या एका शब्दावर लक्ष ठेवा. 'इकॉनॉमिक्स अँड फ्रेंच' म्हणजे साधारण निम्मं-निम्मं. 'इकॉनॉमिक्स विथ फ्रेंच' म्हणजे इकॉनॉमिक्स मुख्य, फ्रेंच साधारण पाव हिस्सा. अभ्यासाच्या वजनाचं तिकडचं माप म्हणजे क्रेडिट; वर्षाला १२० क्रेडिट असतात, तीन वर्षांचे ३६०. जॉइंटला १२० चे दोन साठ होतात, आणि त्या साठात दोन्ही डिपार्टमेंटं आपापले सक्तीचे पेपर भरतात. ज्या सुंदर ऐच्छिक पेपरांवर भाळून मुलं फॉर्म भरतात, त्यांना मग जागाच उरत नाही. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षात निवडीचं किती उरतं, शेवटच्या वर्षाचा प्रबंध दोन्ही विषय मिळून करता येतो का, आणि दोन्हीकडचे तास एकमेकांवर आले तर निस्तरतं कोण, एवढं मुलीने ओपन डेला, म्हणजे युनिव्हर्सिटी बघायला बोलावतात त्या दिवशी, विचारावं. प्रोफेसरला नको, तिथे टी-शर्ट घालून उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना. ती खरं सांगतात.

एक गल्लत तुमच्या पत्रातही दिसते. दोन युनिव्हर्सिट्या मिळून एक पदवी देतात तिलाही जॉइंट डिग्री म्हणतात. ती भानगड वेगळी. तुम्हाला हवंय ते जॉइंट ऑनर्स: एक युनिव्हर्सिटी, दोन विषय, एकच सर्टिफिकेट.

तुमच्या लेकीची पाच पसंतींची यादी पाहिली. मॅथ्स-इकॉनॉमिक्स, इकॉनॉमिक्स-फ्रेंच, नुसतं लिंग्विस्टिक्स, पीपीई आणि पाचवं कॉम्प्युटर सायन्स. हा एका मुलीचा फॉर्म नाही हो, पाच मुलींचा आहे. यूकासला, म्हणजे तिकडच्या युनिव्हर्सिट्यांच्या सामाईक अर्जाला, पाच जागा असतात, पण स्वतःबद्दल लिहायचं निवेदन एकच, आणि ते पाचही ठिकाणी तसंच्या तसं जातं. एका युनिव्हर्सिटीला बाकीच्या चार कुठल्या ते दिसत नाही, पण निवेदन दिसतं. पीपीईसाठी लिहिलेलं कॉम्प्युटर सायन्सवाला वाचेल तेव्हा त्याला वाटेल, ही बाई आमच्याकडे कशाला आली? २०२६ च्या प्रवेशापासून ते निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय, आणि पहिलाच प्रश्न आहे की हा कोर्स तुला का करायचाय. सगळं मिळून ४००० कॅरेक्टर, रिकाम्या जागांसकट. त्यात पाच विषयांची कारणं मावायची नाहीत. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज मनात असेल तर १५ ऑक्टोबरच्या आत फॉर्म जायला पाहिजे, आणि एका वर्षी त्या दोघांतलं एकच निवडता येतं. बाकीच्यांना जानेवारीपर्यंत वेळ आहे, म्हणजे दिवाळीचा फराळ निवांत होईल.

आता तुम्ही जी गोष्ट तक्रार म्हणून लिहिली आहे तिच्याकडे वळते, कारण सगळ्या पत्रात मला तीच मोलाची वाटली. "अभ्यास सोडून दिवसभर आजीच्या मागे वही घेऊन फिरते. आजी 'मी येतो', 'मी जातो' का म्हणते, 'येते' का नाही, हे विचारून विचारून त्यांना भंडावलंय." शेजारच्या कानडी अक्कांकडे जाऊन 'मी जाते'ला काय म्हणता आणि तुमचे यजमान काय म्हणतात हे तिने लिहून आणलं. दोघांचं वाक्य एकच निघालं. तुपाला त्या तुप्प म्हणतात तेही त्याच पानावर.

अहो, पोरीने कानडीतलं नेमकं मर्म पकडलंय! कानडीत 'मी' म्हणणारी बाई आहे की बाप्या हे क्रियापदावरून कळत नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो' म्हणतात. पुण्याची पाहुणी हसते आणि आपण ओशाळतो. मी स्वतः वर्गात 'येते' शिकवलं आणि घरी आयुष्यभर 'येतो' म्हटलं. दोन भाषा शेकडो वर्षं एका गल्लीत नांदल्या की त्यांची वाक्यं कशी एका साच्याची होत जातात, यावर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा १९७१ चा शोधनिबंध आहे. त्यासाठी त्यांनी अभ्यासलेलं गाव सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तिथली मराठी, कानडी आणि उर्दू. जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात. तुमच्या सासूबाईंच्या चुलीपाशी पोरगी जे टिपून घेतेय, तो त्या विषयातला पक्का अभ्यास आहे. निवेदनाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत तयार आहे.

तेव्हा माझं मत विचाराल तर लिंग्विस्टिक्स हा कणा धरा आणि पाचही जागा त्याच्या भोवती भरा. फ्रेंच ए-लेव्हलला आहेच आणि फ्रेंच-लिंग्विस्टिक्स ही जुळलेली जोडी आहे, बऱ्याच ठिकाणी मिळते. फक्त भाषेच्या डिग्रीत बहुधा एक वर्ष परदेशात काढायचं असतं, म्हणजे कोर्स चार वर्षांचा होतो. ऑक्सफर्डला सायकॉलॉजी, फिलॉसॉफी, लिंग्विस्टिक्स असा मेळ आहे. इकॉनॉमिक्स-लिंग्विस्टिक्स शोधायला गेलात तर पदरी फारसं काही पडणार नाही, आणि पडलं तरी ती आमच्या घरची गोष्ट होईल. मॅथ्स वाया जातंय म्हणून तिच्या बाबांना हळहळ वाटत असेल तर त्यांना सांगा, बोलणं मोजायला, आवाजाच्या लहरी तपासायला, कॉम्प्युटरला भाषा शिकवायला संख्याशास्त्र लागतंच. हे काम करणाऱ्यांना पगारही मिळतो.

पैशाचं मात्र विषय ठरायच्या आधी बघा, कारण तिथे पुष्कळ घरं अडकतात. इंग्लंडात होम फी, म्हणजे तिथल्या रहिवाशांना लागणारी फी, २०२५-२६ ला कमाल ९,५३५ पौंड वर्षाला होती, परदेशी विद्यार्थ्याची तिच्या दुप्पट-तिप्पटही जाते. कोर्सच्या पहिल्या दिवशी मुलीकडे कायम वास्तव्याचा हक्क आणि त्याआधीची तीन वर्षं तिथलं नेहमीचं राहणं, असा होम फीचा ढोबळ नियम. नुसत्या वर्क व्हिसावर असाल तर वर्षं कितीही भरोत, होम फी आपोआप लागत नाही. आपल्या ओळखीत कुणाला कशी मिळाली हे ऐकून ठरवू नका, युनिव्हर्सिटीला लेखी विचारा. स्कॉटलंडची ऑनर्स डिग्री चार वर्षांची असते. तिथे पहिली दोन वर्षं विषय चाळून बघायला मोकळीक जास्त, ही जमेची बाजू. चौथ्या वर्षाची फी आणि भाडं ही खर्चाची. आणि उद्या भारतात परतून सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचं झालं तर समकक्षतेचं सर्टिफिकेट मागतात, म्हणून मार्कांबरोबर मॉड्यूलांचे तपशीलही जपून ठेवायला तिला सांगून ठेवा.

आजोबांच्या चिंध्यांचं काय? त्यांना मान देऊनच सांगते, चिंध्या टाचून उत्तम वाकळ होते, फक्त शिवणारीला नक्षी ठाऊक पाहिजे. त्यांना एकदा ती वही वाचायला द्या. बाबांनाही द्या, पण आधी आजोबांना.

परत जाण्याआधी एक दिवस बेळगावला येणार असाल तर पोरीला माझ्याकडे घेऊन या, वही विसरू नका. कुंदा मी आणून ठेवतो.