बाबांच्या नावाचा धाक

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे. दिवसभर वावरात आणि रब्बीत रात्री ओलितासाठी जावे लागत असल्याने मुलांचे सारे त्यांची आईच पाहते. मी घरात पाऊल टाकले की दोघेही गप्प होतात. थोरल्यांच्या देखत स्वतःचे मूल जवळ घेणे आमच्याकडे बरे दिसत नाही. मी काय करावे?
— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : मुले गप्प होण्यामागे केवळ आपली गैरहजेरी नसावी. ‘थांब, बाबा आले की सांगते’ हे वाक्य आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, याकडे आधी लक्ष द्यावे. ज्याची ओळख शिक्षा करणारा अशीच करून दिली जाते, त्याच्याशी मुलांनी मोकळे बोलावे तरी कसे? आपल्या आईशी व पत्नीशी बोलून आपल्या नावाचा हा धाक बंद करावा.

वेळेची अडचण खरी आहे, आणि शेती सोडून मुलांजवळ बसा असे सांगणे ही थट्टाच ठरेल. परंतु कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी मजुरांचा कापूस काट्यावर चढतो, तेव्हा सुटीच्या दिवशी वजने वहीत मांडायला मुलीला जवळ बसवता येईल. एकीचा ३८ किलो, दुसरीचा ४३ किलो, तर ठरलेल्या दराने कोणाची मजुरी किती, हा हिशेब तिने करावा व आपण तपासावा. गुणाकार चुकला तर रागावू नये. तो पुन्हा करायला सांगावा.

मुलाचे एखादे काम पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यावे. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात) लसीचा दुसरा बूस्टर डोस असतो. त्यासाठी त्याला आरोग्य उपकेंद्रात आपणच न्यावे. शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि पालक म्हणजे केवळ आई नव्हे.

थोरल्यांपुढचा संकोच एका दिवसात मोडण्याचा अट्टहास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी नंदींचा पोळा, असतो. त्याआधी मुलाचा लाकडी नंदी ओसरीवर काढून चाके घट्ट करावीत, रंग द्यावा, शिंगांना बेगड लावावी. बेगड कशी चिकटवावी हे सांगायला आजोबा बहुधा स्वतःच पुढे येतील, आणि मग मूल आपल्या मांडीवर बसले आहे याची कोणी दखलही घेणार नाही.

आपल्या पत्नीसही एक विनंती. आपण मुलीची वेणी घातली आणि ती वाकडी झाली, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा घालू नये. शाळेत एक दिवस वाकडी वेणी चालते.